अक्षरांची अंतराळयानं

1995 साली परभणीत अडुसष्टावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते नारायण सुर्वे. हिंगोली तेव्हा वेगळा जिल्हा झालेला नव्हता, ती परभणीतच होती. त्याच वर्षी 15 ऑगस्टला विदेश संचार निगमनं मुंबई-दिल्लीसारख्या मोजक्या महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तरी त्या शेजारीशेजारी ठेवाव्याशा वाटतात, कारण त्याच सुमारास इंग्रजी जगात लिहिण्याचा एक वेगळाच प्रकार ऐन भरात होता आणि साहित्यसंमेलनांच्या मांडवात त्याचा उल्लेखही होण्याची शक्यता नव्हती.

एकमेकांना कधीही न भेटलेली दहा-पंधरा माणसं एका अंतराळयानाची कथा मिळून लिहीत. कुणी कप्तान, कुणी वैद्य, कुणी इंजिनाची देखभाल करणारी, कुणी परग्रहावरून आलेला अबोल शास्त्रज्ञ. चित्र नाही, आवाज नाही, फक्त अक्षरं. दिवसा ही माणसं नोकरी करत, कॉलेजात जात आणि रात्री संगणकापुढे बसून आपापल्या पात्राचं पुढचं पान लिहीत. काही यानांची आणि ताफ्यांची कथा दहा-दहा वर्षं चालली. मग हळूहळू ही यानं रिकामी होत गेली. ती का रिकामी झाली, याची जी उत्तरं सर्रास दिली जातात ती मला अपुरी वाटतात.

सुरुवात दूरचित्रवाणीपासून करावी लागेल. 8 सप्टेंबर 1966 रोजी अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ ही मालिका सुरू झाली. पहिल्या अवतारात ती तीनच हंगाम चालली, भाग झाले 79. दुसऱ्या हंगामानंतर ती बंद पडणार अशी चिन्हं दिसली तेव्हा प्रेक्षकांनी वाहिनीकडे पत्रांचा पाऊस पाडला आणि तिसरा हंगाम मिळवला. पुढे मालिका संपली, पण प्रेक्षकांच्या डोक्यातलं यान थांबलं नाही. 1967 पासूनच चाहत्यांची हस्तलिखितवजा मासिकं निघू लागली होती आणि त्यांत मालिकेतल्या पात्रांच्या नव्या कथा छापल्या जात होत्या. प्रेक्षक लेखक झाला तो इथे.

दुसरा धागा खेळांचा. 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात, प्रत्येकाचं एक पात्र, आणि एक जण सूत्रधार. सूत्रधार प्रसंग सांगतो, बाकीचे आपलं पात्र काय करील ते बोलून दाखवतात, निकाल फाशांवर. 1977 मध्ये मार्क मिलर यांच्या ‘ट्रॅव्हलर’नं हाच खेळ ताऱ्यांमध्ये नेला. त्यात आधी आपल्या पात्राचा पूर्वेतिहास फासे टाकून घडवावा लागे: किती वर्षं नौदलात काढली, काय शिकला, कुठे जखमी झाला. फासे उलटे पडले तर ते पात्र खेळ सुरू होण्याआधीच मरून जाई! अंतराळ निर्दय आहे, हे या खेळानं कागदपेन्सिलीनं शिकवलं. त्याच्या वर्षभर आधी, 1976 मध्ये, रिक लूमिस यांच्या फ्लाइंग बफेलो कंपनीचा ‘स्टारवेब’ आला होता. त्यातल्या चाली पोस्टानं पाठवायच्या, कंपनीचा संगणक त्यांचा हिशेब करणार आणि निकाल पुन्हा पोस्टानं येणार. ग्रह जिंकल्याची बातमी पोस्टमन आणून देई.

तिसरा धागा इंग्लंडमधला. 1978 मध्ये एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी संगणकावर एक जग रचलं. अनेक जण एकाच वेळी त्यात शिरून फिरू शकत, एकमेकांशी बोलू शकत, लढू शकत. त्याला ‘मड’ म्हणत आणि पुढे या जातीच्या सगळ्याच खेळांना तेच नाव पडलं. 1989 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या जेम्स अॅस्पनेस यांनी ‘टायनीमड’ सुरू केला आणि त्यातून लढाई व गुण काढूनच टाकले. मग उरलं काय? बोलणं आणि बांधणं. कुणीही आलेला माणूस नवी खोली, नवी वाट, नवी वस्तू शब्दांत रचू शकत होता. माणसं तुटून पडली. जग इतकं फुगलं की ते एका वर्षाच्या आतच, 1990 च्या वसंतात, बंद करावं लागलं. पण तोवर हे सिद्ध झालं होतं की जिंकण्या-हरण्याचं आमिष नसलं तरी माणसं मिळून एक जग रचायला रात्र-रात्र जागतात.

नव्वदच्या दशकात हे तीन धागे एकत्र आले. 1994 पासून ‘स्टार ट्रेक’च्या विश्वातला ‘स्टारबेस 118’ नावाचा ताफा लिहिला जाऊ लागला. 1998 मध्ये वृत्तपत्रात काम केलेल्या वेस प्लॅट यांनी ‘अदरस्पेस’ सुरू केलं. त्याचं विश्व कुठल्या मालिकेतून उसनं घेतलेलं नव्हतं, स्वतंत्र होतं, आणि कथा कादंबरीच्या खंडांसारखी टप्प्याटप्प्यानं पुढे जाई.

हे लिहिणं प्रत्यक्ष कसं चाले ते नीट सांगितलं पाहिजे, कारण त्याची सगळी कला त्याच्या नियमांत होती. समजा, यानावर शत्रू शिरला आहे. सुरक्षा अधिकारी लिहिणारा खेळाडू एवढंच लिहू शकतो की मी वळलो आणि अस्त्र रोखून सोडलं. ते शत्रूला लागलं, असं त्यानं लिहायचं नाही. लागलं की नाही, किती लागलं, शत्रू कोसळला की हसला, हे शत्रूचं पात्र लिहिणारा ठरवणार. दुसऱ्याच्या पात्राच्या मनात काय चाललंय हेही लिहायचं नाही. दुसऱ्याच्या तोंडी वाक्य घालायचं असेल तर आधी विचारायचं. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी पुढच्याला जागा ठेवायची: दार अर्धं उघडं, प्रश्न विचारलेला, संदेश अर्धवट आलेला. सगळं स्वतःच सोडवून टाकणारा खेळाडू कितीही चांगलं लिहीत असला तरी तो वाईट खेळाडू मानला जाई. एकट्यानं लिहिणाऱ्या लेखकाला ही शिस्त कधीच पाळावी लागत नाही. आपल्या नायकाचा घाव बसला की नाही, हे दुसऱ्याच्या हाती सोपवून झोपायला जायचं आणि सकाळी उठून पाहायचं, या अनुभवाची सर मला इतर कोणत्याही लेखनात दिसत नाही.

आणि या सगळ्यांच्या मागे एक माणूस असे. कथेत तो बहुधा कप्तान, पण त्याचं खरं काम कथेबाहेरचं. कुणी किती दिवस लिहिलं नाही याची नोंद ठेवणं, त्याला आठवण करणं. दोन खेळाडूंचं भांडण मिटवणं. परीक्षा, बाळंतपण, बदली यांमुळे कुणी गेलं तर त्याच्या पात्राला यानातून सन्मानानं उतरवून देणं. एक मोहीम संपली की दुसरी सुचवणं. आणि तीन वर्षांपूर्वी कुठल्या ग्रहाला काय वचन दिलं होतं ते लक्षात ठेवणं. पगार नाही, नाव नाही. असा माणूस जिथे होता तिथे यान चाललं.

हे लिहिणं आपल्याकडे रुजलं नाही, पण परभणीच्या पोराला अंतराळाची ओढ नव्हती असं मुळीच नाही. 3 एप्रिल 1984 रोजी राकेश शर्मा सोयुझ यानातून झेपावले तेव्हा सगळ्या देशाबरोबर मराठवाडाही रेडिओला कान लावून बसला होता. त्याच दशकात दूरदर्शननं ‘स्टार ट्रेक’ दाखवलं. 1998 मध्ये ‘कॅप्टन व्योम’ आला आणि मिलिंद सोमणचा अंतराळवीर गल्लीगल्लीतल्या पोरांचा झाला. मराठीत तर त्याच्याही आधीपासून पाया होता. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 च्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावानं पाठवली होती. आपल्या नावाचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये म्हणून त्यांनी हस्ताक्षरही पत्नीचं वापरलं. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मराठी विज्ञानकथेला एक मोठा लेखक. 2021 च्या नाशिकच्या संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. म्हणजे वाचक होता, लेखक होता, पडद्यावरचा कप्तानही होता.

अडचण तारेची होती आणि लिपीची होती. विदेश संचार निगमच्या सुरुवातीच्या योजनेत विद्यार्थ्यांसाठी जे सगळ्यात स्वस्त खातं होतं, ते फक्त अक्षरांचं: काळ्या पडद्यावर ओळी, चित्रं नाहीत. अंतराळातली ही लेखी यानं नेमकी तशाच पडद्यावर चालत. म्हणजे दार उघडं होतं, पण ते महानगरात होतं. परभणी, सेलू, गंगाखेडहून तिथवर पोचायचं तर एसटीडीचं मीटर दर सेकंदाला पळणार. तासभर सावकाश लिहीत बसण्याचा हा खेळ त्या दरात कोण खेळणार? पुढे एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्टेशन रोडपासून तालुक्यांपर्यंत सायबर कॅफे आले, एमएस-सीआयटीच्या वर्गांनी जिंतूर-मानवतच्या मुलांचे हात कीबोर्डवर बसवले. पण त्याच काळात भारनियमन इतकं भयंकर होतं की ग्रामीण मराठवाड्यात दिवसाचे दहा-बारा तास वीज नसे. एका लयीत, रोज ठरल्या वेळी लिहिण्याची सवय लागायला जो सलग वेळ लागतो तो मिळालाच नाही.

लिपीचं दुखणं त्याहून खोल. देवनागरी युनिकोडमध्ये 1991 पासून होती, पण कॅफेतल्या संगणकावर ती मुद्दाम बसवून घ्यावी लागे. डीटीपीवाल्यांचे श्रीलिपी, शिवाजी हे फॉन्ट होते, पण ते ज्याच्याकडे नाहीत त्याला समोर चौकोनी डबे आणि निरर्थक चिन्हं दिसत. मराठी मुलं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहू लागली. गप्पांना ते पुरलं. पण तुटलेल्या यानात एकट्या उरलेल्या वैद्याचं पान त्या लिपीत कसं लिहावं? भाषा आपली आणि अक्षरं परकी असली की माणूस आखूड लिहितो, आणि या खेळाला आखूड लिहिणं चालत नाही.

तरीही मराठीनं याच्या अगदी जवळचं एक रूप शोधलंच. अमेरिकेतल्या मराठी माणसांनी 1996 मध्ये सुरू केलेल्या ‘मायबोली’वर गणेशोत्सवाच्या दिवसांत ‘एसटीवाय’ खेळला जाई. एक जण कथेची सुरुवात करून देतो, पुढचा तिथून उचलतो, तिसरा तिला भलतीकडेच वळवतो. पुण्याचा, न्यू जर्सीचा, लंडनचा माणूस एकाच कथेत ओळी घालतो. पात्रं वाटून घेतलेली नसत आणि कथा दहा दिवसांच्या उत्सवापुरती असे, म्हणून ते यान दूरवर जात नव्हतं. पण देवनागरीत, मिळून, रोज थोडं, या तिन्ही गोष्टी तिथे जमल्या होत्या आणि त्या जमल्या याचं मला फार अप्रूप आहे.

आता उतरणीकडे. सर्रास सांगितलं जाणारं कारण असं की चित्रांचे खेळ आले आणि अक्षरांचे मेले. जून 2003 मध्ये आलेल्या ‘स्टार वॉर्स गॅलेक्सीज’ची गोष्ट या कारणाला छेद देते. तो पूर्ण चित्रांचा, मोठ्या कंपनीचा खेळ होता, पण त्याची रचना करणारे राफ कोस्टर हे ‘लेजंडमड’ या अक्षरांच्या खेळातून वर आलेले. त्यांनी चित्रांच्या जगात जुनीच माणुसकी आणली. लढणाऱ्या पात्रांना मनाचा थकवा येई आणि तो उतरवायला मद्यालयात जाऊन नर्तक-वादक पात्रांपुढे बसावं लागे. ती पात्रंही खरी माणसंच चालवत. कुणी आयुष्यभर तलवार न उचलता फक्त शिंपीकाम करी, कुणी खाणी शोधी. खेळाडूंनी स्वतःची गावं वसवली, महापौर निवडले. मग नोव्हेंबर 2005 मध्ये कंपनीनं एका फटक्यात खेळाची घडी बदलली. तिसाच्या वर असलेले व्यवसाय नऊवर आणले, कारण ज्याला लगेच नायक व्हायचं आहे असा नवा ग्राहक हवा होता. शिंपी, नर्तक, गावचे महापौर निघून गेले. 15 डिसेंबर 2011 रोजी ते जग बंद झालं. चित्रांनी काही मारलं नव्हतं. खेळाडूंनी वर्षानुवर्षं रचलेलं जग शेवटी कंपनीच्या मालकीचं होतं आणि मालकानं ते मोडलं.

दुसरं कारण सांगतात ते समाजमाध्यमांचं, आणि त्यात तथ्य आहे. ऑर्कुट जानेवारी 2004 मध्ये आलं, भारतात फोफावलं आणि 30 सप्टेंबर 2014 रोजी बंद झालं. तोवर सगळे फेसबुकवर गेले होते. इथे माणूस स्वतःच्याच नावानं, स्वतःच्याच फोटोसह बोलतो. परग्रहावरचा वैद्य होण्यासाठी जो आडोसा लागतो तो इथे नाही. 5 सप्टेंबर 2016 नंतर जिओनं गंगाखेडच्या पोराच्या हातात स्वस्त इंटरनेट दिलं, पण तेव्हा त्यानं उघडला तो पबजी. 2 सप्टेंबर 2020 रोजी त्यावर बंदी आली तेव्हा खरी हळहळ गावागावांतून ऐकू आली. पबजीतही चार मित्र मिळून खेळत आणि कानाला लावलेल्या इयरफोनवर रात्रभर बोलत. मिळून खेळण्याची भूक कमी झालेली नाही, हे त्यावरून दिसतंच. कथा मात्र त्यातून गेली, कारण अर्ध्या तासाचा डाव संपला की सगळं पुसलं जाई.

माझ्या मते खरं कारण त्या पडद्यामागच्या माणसात आहे. ही यानं एकेका कप्तानाच्या रिकाम्या संध्याकाळींवर चालत होती. तो विद्यार्थी होता तोवर ठीक. पुढे नोकरी, लग्न, मूल आलं की त्याच्या संध्याकाळी गेल्या आणि त्याची जागा घेणारं कुणी तयार केलेलं नसे. दोन आठवडे आठवण करणारा कुणी नाही, मग दोन खेळाडू गप्प, मग चार, आणि एका मोहिमेच्या ऐन मध्यावर लिहिणं थांबे. शत्रूचा हल्ला झालेला, उत्तर आलेलं नाही. बहुतेक ताफ्यांचा शेवट असाच आहे. लिहिलेलंही फार उरलं नाही. जिओसिटीज 2009 मध्ये बंद झालं, याहू ग्रुप्सनं 2019 अखेर साठवलेला मजकूर पुसायला घेतला आणि 2020 च्या डिसेंबरात सेवाच आवरली. वर्षानुवर्षांच्या कथा तिथे होत्या.

याच्या उलट परभणीत उभ्यानं सांगायची एक जुनी कथा आजही चालते: गोंधळ. परभणी म्हटलं की गोंधळमहर्षी राजाराम कदम यांचं नाव निघतंच. गोंधळात नायक आख्यान लावतो, साथीदार संबळ-तुणतुणं सांभाळतात आणि तेच मधूनमधून राणी होतात, प्रधान होतात, आडवा प्रश्न विचारून कथेला वळण देतात. रात्रभर दिवटीच्या उजेडात मोजकी माणसं एक आख्खं जग उभं करतात. मिळून, भूमिका घेऊन, पुढच्याला जागा ठेवत. पण इथे सूत्र सांभाळण्याचं काम परंपरेनं लावून दिलेलं आहे. तुळजाभवानीचे गोंधळी कदमराई, माहूरच्या रेणुकेचे रेणुराई. घरात लग्न झालं की कुळाचार म्हणून गोंधळ घालावाच लागतो, गोंधळ्याला बोलवावंच लागतं, त्याचा मान द्यावाच लागतो. त्याचा मुलगा लहानपणापासून मागे बसून साथ करतो आणि एक दिवस पुढे येतो. या व्यवस्थेत जातीची बांधणी आहे, ती काही मिरवण्याजोगी नाही. शिवाय नव्या पिढीला या कामातून पोट भरेल का, हा प्रश्न आज गोंधळ्यांपुढेही उभा आहे. पण कथा सांभाळणाऱ्याला उत्तराधिकारी असावा लागतो आणि त्याच्या श्रमाचं काही मोल व्हावं लागतं, हे त्या जुन्या रचनेनं ओळखलं होतं. इंग्रजीतल्या त्या हुशार, उदार, बिनपगारी कप्तानांकडे यातलं काहीच नव्हतं.

जी थोडी यानं टिकली ती पाहिली की हे आणखी पटतं. 1994 चा ‘स्टारबेस 118’ तीस वर्षं ओलांडूनही लिहिला जातो आहे. तिथे नव्या माणसाला थेट यानावर घेत नाहीत. आधी प्रशिक्षण: दुसऱ्याचं पात्र हिरावून न घेता कसं लिहायचं, परिच्छेदाच्या शेवटी दार कसं उघडं ठेवायचं. मग तो कनिष्ठ अधिकारी होतो, बढत्या घेत वर जातो आणि पुढे कधीतरी त्याच्या हाती यान येतं. पदांची ती शिडी पाहणाऱ्याला पोरखेळ वाटेल, पण पुढचा कप्तान तिथेच घडतो.

मराठीत ज्या अडचणी होत्या त्या आता उरलेल्या नाहीत. देवनागरी कळफलक प्रत्येक फोनमध्ये आहे, एसटीडीचं मीटर गेलं, सेलूच्या मुलीला पुण्याच्या मुलाबरोबर एका यानावर चढायला काही खर्च येत नाही. मालकाच्या लहरीवर न चालणाऱ्या, जुना मजकूर आपल्याजवळ जपून ठेवता येईल अशा जागाही आहेत. गोदावरीकाठच्या एखाद्या कॉलेजातल्या पाच-सात जणांनी मनावर घेतलं तर नायक कोण आणि नायकामागे साथीला कोण, हे दोन्ही त्यांनी पहिल्याच बैठकीत ठरवावं.